तीन रांगांची एसयूव्ही घेताना सुरुवात शेवटच्या सीटपासून करा

आमच्या घरात सात माणसे आहेत: आई, बाबा, आत्या, आम्ही दोघे आणि दोन मुले, वय वर्षे तीन आणि नऊ. दर गणपतीत पुण्याहून संगमेश्वरला जाताना एक छोटी गाडी आणि एस.टी.ची तीन तिकिटे, अशी घराची विभागणी होत असे. ती थांबावी म्हणून आम्ही तीन रांगांची मध्यम आकाराची एसयूव्ही घ्यायचे ठरवले आणि चार महिने शोरूमच्या फेऱ्या मारल्या. त्यांतले पहिले दोन महिने वाया गेले, कारण प्रत्येक गाडी मी चालकाच्या सीटवर बसून पाहत होतो. तिथून सगळ्याच गाड्या चांगल्या दिसतात. एका रविवारी आत्या सोबत आल्या, सरळ तिसऱ्या रांगेत जाऊन बसल्या आणि पाच मिनिटांत म्हणाल्या, "इथे बसून मी कोयनानगरपर्यंतसुद्धा येणार नाही." त्या दिवसापासून आम्ही पाहण्याचा क्रम उलटा केला. तोच क्रम पुढे दिला आहे.

सोबत काय न्यावे

शोरूमला जाताना मोजपट्टी, वही, घरातल्या दोन नेहमीच्या प्रवासी बॅगा, लहान मूल असल्यास त्याची चाइल्ड सीट आणि घरातली सर्वांत उंच व सर्वांत वयस्कर व्यक्ती बरोबर असावी. सातही जण येऊ शकले तर उत्तमच. विक्रेत्याला आधी फोन करून ही कल्पना द्या आणि शनिवार-रविवारची गर्दी टाळून मधल्या वारी जा.

१. तिसरी रांग किती दिवस वापरणार, ते आधी लिहून काढा

मागच्या वर्षभरात घरातले पाचपेक्षा जास्त लोक एकत्र किती वेळा आणि किती लांब गेले, हे कॅलेंडर समोर ठेवून मोजा. आमच्या बाबतीत ते वर्षाला अठरा-वीस दिवस निघाले, पण त्यांतले बहुतेक दिवस सहा-सात तासांच्या घाटप्रवासाचे होते. तुमचे उत्तर वर्षाला चार दिवस येत असेल तर पाच सीटची गाडी घेऊन त्या चार दिवसांपुरती मोठी गाडी भाड्याने घेणे स्वस्त पडते, आणि तसा निर्णय घेण्यात काहीही कमीपणा नाही. उत्तर आठवड्याला दोनदा असे येत असेल, पण प्रवास शहरातल्या शहरात असेल, तर मारुती अर्टिगा किंवा किआ कॅरेन्ससारख्या गाड्याही यादीत ठेवा. त्या रूढ अर्थाने एसयूव्ही नसल्या तरी आत बसणाऱ्याला त्याने फरक पडत नाही.

२. पार्किंगची जागा मोजा

ही पायरी बहुतेक जण बुकिंग झाल्यावर करतात. टाटा सफारीची सध्याची रुंदी आरसे सोडून १,९२२ मिलिमीटर आहे, महिंद्रा स्कॉर्पिओ-एनची १,९१७ आणि एक्सयूव्ही ७०० ची १,८९०. लांबी या तिन्हींची साडेचार मीटरच्या पुढे आहे. तुमच्या सोसायटीतली आखलेली जागा अडीच मीटर रुंद असेल, तर १,९२२ मिलिमीटरची गाडी बरोबर मध्ये लावल्यावर दोन्ही बाजूंना जेमतेम एकोणतीस सेंटिमीटर उरतात. जागा २.३ मीटरची असेल तर एकोणीस. एवढ्या फटीतून गुडघे दुखणाऱ्या माणसाला उतरता येत नाही. शेजारी खांब असेल तर तो दाराच्या आड येतो की नाही, हेही पाहावे लागते.

नवीन इमारतींत एकावर एक गाड्या ठेवणारे यांत्रिक पार्किंग असते. त्याच्या खांबावर वजनाची आणि उंचीची मर्यादा लिहिलेली असते. ती वाचा, तिचा फोटो काढा आणि गाडीच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहा. १.७ ते १.८५ मीटर उंचीची गाडी वरच्या कप्प्यात बहुधा बसत नाही, आणि खालचा कप्पा आपल्या नावावर नसेल तर पुढचा सगळा विचार तिथेच थांबतो.

३. तिसऱ्या रांगेत चढा, बसा आणि उतरा

शोरूममध्ये पोहोचल्यावर पहिल्यांदा मागे जा. मधली सीट पुढे सरकवणे, तिची पाठ दुमडणे आणि संपूर्ण सीट उलटवणे यांपैकी त्या गाडीत काय करावे लागते, ते विक्रेत्याला करू न देता घरातल्या माणसांनी स्वतः करून पाहावे. सीट जड असेल तर आतल्या माणसाला बाहेर काढण्यासाठी दरवेळी कुणीतरी बाहेर उभे राहावे लागते. साडी नेसलेल्या बाईला पाय किती वर उचलावा लागतो, हात धरायला कडी आहे का, डोके छताला लागते का, हे मोजपट्टीपेक्षा प्रत्यक्ष चढण्यातूनच कळते. स्कॉर्पिओ-एनसारख्या शिडीच्या आकाराच्या चौकटीवर बांधलेल्या गाड्यांची जमीन उंच असते, त्यामुळे तिथे चढण अधिक असते. त्याबदल्यात वाईट रस्त्यावर ती बांधणी दणकट ठरते.

बसल्यावर सगळ्यांत आधी मांड्यांकडे पाहा. तिसऱ्या रांगेत गाडीची जमीन आणि सीट यांच्यातले अंतर कमी असते, म्हणून गुडघे वर येतात, मांड्यांना आधार मिळत नाही आणि शरीराचा सगळा भार कमरेवर येतो. पाच मिनिटांत हे जाणवत नाही, पण तासाभरात जाणवते. म्हणून किमान वीस मिनिटे गप्पा मारत तिथेच बसून राहा. सोबतीला मधल्या रांगेत घरातल्या उंच माणसाला बसवा आणि त्याची सीट त्याला सोयीची होईल तेवढी मागे घ्यायला सांगा. विक्रेते मधली सीट अगदी पुढे सरकवून मागची जागा प्रशस्त दाखवतात. त्या स्थितीत मधल्या रांगेत माणूस बसूच शकत नाही, आणि या एका गोष्टीत आम्ही दोन शोरूममध्ये फसलो.

पुढे एसीचे पाहा. तिसऱ्या रांगेला स्वतंत्र हवेची तोंडे आहेत का, त्यांचा पंखा मागच्या माणसाला कमी-जास्त करता येतो का, आणि ती हवा खरोखर थंड असते की फक्त आतलीच हवा फिरवली जाते, हे गाडी उन्हात अर्धा तास उभी असताना तपासावे. नंतर खिडकी. मागची काच लहान आणि वर चढत गेलेली असेल तर आतल्या माणसाला बाहेरचा रस्ता दिसत नाही. ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी हे फार महत्त्वाचे आहे, कारण तिसरी रांग मागच्या चाकांच्या जवळजवळ वर असते, प्रत्येक वळण आणि खड्डा तिथे जास्त जाणवतो, आणि डोळ्यांना क्षितिज दिसले नाही तर कुंभार्ली घाटात लिंबू किंवा आवळासुपारी चघळूनही उपयोग होत नाही. आमच्या मुलासाठी याच कारणाने एक गाडी, बाकी सगळे पसंत असूनही, सोडावी लागली.

४. सहा सीट की सात

मधल्या रांगेत दोन वेगळ्या कॅप्टन सीट घ्यायच्या की तिघांची सलग सीट, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. दोन सीटमध्ये मोकळी वाट असेल तर मागे जाण्यासाठी काहीही दुमडावे लागत नाही. लहान मुलाची चाइल्ड सीट मधल्या रांगेत पक्की बसवलेली असताना याचा खरा फायदा होतो, कारण चाइल्ड सीट लावलेली सीट उलटवता येत नाही आणि त्या बाजूने मागे जाण्याचा रस्ता बंद होतो. आयसोफिक्सच्या, म्हणजे चाइल्ड सीट अडकवण्याच्या, कड्या साधारणपणे मधल्या रांगेच्या दोन्ही टोकांच्या सीटना असतात, त्यामुळे मूल तिथेच बसणार हे गृहीत धरा. आपली चाइल्ड सीट शोरूममध्ये प्रत्यक्ष लावून मग मागे चढून पाहा.

आम्ही सात जण असल्यामुळे सलग सीट घ्यावी लागली. तेव्हा मधल्या माणसाला तीन बिंदूंचा पट्टा आणि डोक्याचा टेकू आहे ना, ही एक अट आम्ही धरली. फक्त कमरेचा पट्टा असलेली जागा आम्ही मोजलीच नाही.

५. सातही जण बसल्यावर डिकी उघडा

माहितीपत्रकात छापलेला मोठा आकडा तिसरी रांग दुमडल्यावरचा असतो. सगळ्या सीट उभ्या असताना सफारीत ७३ लिटर जागा उरते, ह्युंदाई अल्काझारमध्ये १८०, अर्टिगात २०९ आणि कॅरेन्समध्ये २१६. विमानात हातात नेतो तशी ५५ × ४० × २० सेंटिमीटरची बॅग ४४ लिटरची असते. म्हणजे बाहेरून सर्वांत भारदस्त दिसणाऱ्या गाडीत अशा दोन बॅगाही नीट मावणार नाहीत, आणि तिच्याहून लहान व स्वस्त गाडीत तीन-चार मावतील. हा आकडा दोष म्हणून सांगत नाही. सफारीने ती लांबी बसणाऱ्यांच्या पायांसाठी वापरली आहे. मात्र तुम्ही सात जण आठवड्यासाठी गावी जाणार असाल तर छतावर कॅरिअर लागणारच, आणि त्यावर किती किलो ठेवता येते हे मालकाच्या पुस्तिकेत दिलेले असते. ते वाचल्याशिवाय येताना तांदळाचे पोते वर चढवू नका. उंच गाडीच्या डोक्यावर वजन वाढले की वळणावर ती अधिक कलते.

६. सुरक्षितता : तारे पाहा, पण ते कुठल्या सीटचे आहेत तेही पाहा

भारत एनकॅप ही गाड्या आदळवून सुरक्षिततेचे तारे देणारी आपली चाचणी योजना १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिचे पहिले निकाल आले. त्यांत सफारी आणि टाटाचीच हॅरिअर या दोघींना पाच तारे मिळाले. एक्सयूव्ही ७०० ला त्याआधी २०२१ मध्ये आणि स्कॉर्पिओ-एनला २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळाले होते. या चाचणीत गाडी समोरून ताशी ६४ किलोमीटर वेगाने एका बाजूला आदळवतात, बाजूने ताशी ५० किलोमीटरची धडक देतात आणि खांबावर ताशी २९ किलोमीटरने आपटतात. पुतळे पुढच्या दोन सीटवर मोठ्यांचे आणि मधल्या रांगेत लहान मुलांचे असतात. तिसऱ्या रांगेत पुतळा नसतो आणि मागून बसणारी धडक या चाचणीत येत नाही.

म्हणून तिसऱ्या रांगेसाठी वेगळे प्रश्न विचारावे लागतात. बाजूच्या पडद्यासारख्या एअरबॅग शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतात का, तिथे प्रत्येकाला तीन बिंदूंचा पट्टा आहे का, डोक्याचे टेकू उंच करता येतात का, आणि शेवटची सीट व मागचे दार यांच्यात प्रत्यक्षात किती सेंटिमीटर अंतर आहे, ते मोजपट्टीने मोजा आणि वहीत लिहा. मागच्या प्रवाशांनी पट्टा लावणे कायद्याने बंधनकारक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब प्रमाणे चौदा वर्षांखालचे मूल पट्ट्याशिवाय किंवा चाइल्ड सीटशिवाय असेल तर एक हजार रुपये दंड आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. आमच्या घरात आईबाबांना पट्ट्याची सवय लागली ती त्या बातमीनंतर.

७. पेट्रोल, डिझेल की हायब्रिड

सात माणसे घेऊन घाट चढायचा असेल तर अश्वशक्तीपेक्षा इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर मिळणारा टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, महत्त्वाचा असतो, आणि तिथे डिझेल अजूनही वरचढ आहे. सफारीचे दोन लिटरचे डिझेल इंजिन ३५० न्यूटन-मीटर टॉर्क देते, तर अल्काझारचे दीड लिटरचे टर्बो पेट्रोल २५३. मात्र आजच्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी डीपीएफ नावाची जाळी असते. ती स्वच्छ राहण्यासाठी गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग वेगाने चालवावी लागते. ज्यांचा रोजचा प्रवास मुलांची शाळा आणि भाजी एवढाच, चार-पाच किलोमीटरचा आहे, त्यांच्या डिझेल गाडीत या जाळीचा दिवा वारंवार लागतो. या आकाराच्या अनेक डिझेल गाड्यांत धूर स्वच्छ करणारे डीईएफ हे द्रवही भरत राहावे लागते. टोयोटा इनोव्हा हायक्रॉसची हायब्रिड, म्हणजे इंजिनासोबत विजेची मोटर असलेली, गाडी गर्दीच्या रस्त्यावर इंधन वाचवते, पण तिची किंमत मध्यम आकाराच्या गाड्यांपेक्षा वर जाते.

हिशेब कागदावर करा. वर्षाला दहा हजार किलोमीटर, पेट्रोल गाडी लिटरला दहा आणि डिझेल गाडी चौदा किलोमीटर जाते, पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९० रुपये असे धरले, तर पेट्रोलचा खर्च १,०४,००० आणि डिझेलचा सुमारे ६४,३०० रुपये येतो. वर्षाला जवळपास चाळीस हजारांचा फरक आहे. डिझेल गाडी दीड-पावणेदोन लाखांनी महाग असेल तर तो जादा खर्च भरून निघायला सुमारे चार वर्षे लागतात. तुमचे किलोमीटर आणि तुमच्या पंपावरचे दर घालून हाच हिशेब पुन्हा करा.

८. टेस्ट ड्राइव्ह भरलेल्या गाडीने घ्या

एकट्याने गुळगुळीत रस्त्यावर मारलेली तीन किलोमीटरची फेरी काहीच सांगत नाही. सातही जणांना बसवा आणि शक्य असेल तर चढाचा रस्ता निवडा. आम्ही कात्रजचा घाट निवडला. चढावर गाडी थांबवून पुन्हा उचला, उतारावर ब्रेक किती लवकर लागतो ते पाहा, गतिरोधकावर मागचा भाग टेकतो का ते ऐका. तिसऱ्या रांगेतल्या माणसाला खड्ड्यांबद्दल बोलते ठेवा. मागचे टेकू उभे असताना आरशातून मागची काच किती दिसते, हेही याच वेळी कळते. फेरीच्या दुसऱ्या अर्ध्यात चालकाने मागे बसावे. एका विक्रेत्याने सात जणांना नेण्यास नकार दिला, तेव्हा आम्ही ती गाडी यादीतून काढली, कारण जी गाडी सात जणांना घेऊन दाखवता येत नाही ती सात जणांसाठी विकत कशी घेणार?

९. ऑन-रोड किमतीची ओळ न् ओळ वाचा

२२ सप्टेंबर २०२५ पासून या आकाराच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे आणि पूर्वीचा वेगळा उपकर गेला. तो एक्स-शोरूम किमतीतच धरलेला असतो. त्यावर महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या गाडीला एकरकमी वाहन कर लागतो. दहा ते वीस लाखांच्या टप्प्यात पेट्रोलला १२ आणि डिझेलला १४ टक्के, आणि वीस लाखांच्या वर अनुक्रमे १३ आणि १५ टक्के. एकोणीस लाखांच्या गाडीवर हा कर पेट्रोलसाठी २,२८,००० आणि डिझेलसाठी २,६६,००० रुपये होतो. वीस लाखांच्या सीमेजवळ विशेष लक्ष द्या. १९.९० लाखांच्या डिझेल गाडीवर कर २,७८,६०० आहे आणि २०.५० लाखांच्या गाडीवर ३,०७,५००, म्हणजे साठ हजारांनी महाग असलेल्या मॉडेलसाठी कराचे आणखी २८,९०० मोजावे लागतात. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर कर बराच वाढतो.

दहा लाखांवरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने गोळा करायचा आयकर, घेतला जातो. तो खर्च नाही. तुमच्या पॅनवर जमा होतो आणि आयकर विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. त्यासाठी बिल तुमच्याच पॅनवर हवे. विमा विक्रेत्याकडूनच घेण्याची सक्ती नाही. तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा अनिवार्य आहे, पण बाहेरून दोन-तीन भाव काढून दाखवले की शोरूमचा भाव खाली येतो. 'हँडलिंग' किंवा 'लॉजिस्टिक' या नावाची ओळ कोणत्याही कायद्याने ठरलेली नाही. ती काढून टाकण्यास लेखी सांगा. आमच्या कोटेशनमध्ये ती दोन वेगवेगळ्या नावांनी दोनदा आली होती.

नोकरी बदलीची असेल आणि तुम्ही पात्र असाल तर बीएच म्हणजे 'भारत' मालिकेचा, राज्य बदलले तरी तोच राहणारा नंबर घेण्याचा विचार करा. त्यात कर दोन-दोन वर्षांचा भरता येतो.

१०. कागदपत्रे

तुमच्याकडून लागणारी : आधार, पॅन, सध्याच्या पत्त्याचा पुरावा (भाड्याचे घर असल्यास नोंदणीकृत भाडेकरार) आणि पासपोर्ट आकाराचे फोटो. कर्ज असल्यास तीन महिन्यांच्या पगारपावत्या, सहा महिन्यांचे बँक विवरण आणि मागच्या दोन वर्षांचे फॉर्म १६ किंवा विवरणपत्रे.

विक्रेत्याकडून घ्यायची : बिल, विक्रीचा दाखला म्हणजे फॉर्म २१, गाडी रस्त्यायोग्य असल्याचा फॉर्म २२, विम्याची पॉलिसी, कर भरल्याची पावती आणि भरलेल्या प्रत्येक रकमेची स्वतंत्र पावती. नोंदणीचा अर्ज फॉर्म २० मध्ये असतो. त्यावर सही करण्यापूर्वी नाव, पत्ता आणि नॉमिनी वाचून घ्या, कारण आरसीवर तेच उतरते. बुकिंगची रक्कम परत मिळण्याच्या अटी लेखी मागा. तोंडी दिलेल्या आश्वासनावर आमचे दहा हजार दीड महिना अडकले होते.

११. ताबा घेण्याआधीची तपासणी

ही तपासणी गाडीच्या नोंदणीआधी, शक्यतो बिल निघण्याआधी आणि दिवसाउजेडी झाली पाहिजे. एकदा पासिंग झाले की तीच गाडी तुमची. सतरा अक्षरांचा चासी क्रमांक गाडीवर आणि कागदावर एकच आहे का ते पाहा, गाडी कोणत्या महिन्यात तयार झाली ते विचारा आणि उत्तराची खातरजमा टायरवरून करा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. ३५२५ म्हणजे २०२५ चा पस्तिसावा आठवडा. पाचही टायर पाहा, स्टेपनीसकट. आम्हाला दाखवलेल्या पहिल्या गाडीचे चार टायर एका वर्षाचे आणि एक आदल्या वर्षाचा होता. विचारल्यावर समाधानकारक उत्तर न आल्याने आम्ही दुसरी गाडी मागितली आणि ती आठ दिवसांत मिळाली. तिन्ही रांगांतला प्रत्येक पट्टा ओढून पाहा, प्रत्येक सीट दुमडून उभी करा, एसीची मागची तोंडे चालू करा.

नंबरप्लेट बसल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका. चालकाच्या दाराच्या चौकटीवर टायरमधल्या हवेचे दोन आकडे दिलेले असतात, एक कमी माणसांसाठी आणि एक भरलेल्या गाडीसाठी. सात जणांनी निघायचे असेल त्या सकाळी दुसऱ्या आकड्याप्रमाणे हवा भरा. या गाड्यांची स्टेपनी बहुधा मागच्या बाजूला गाडीच्या पोटाखाली टांगलेली असते आणि ती खाली उतरवण्याचा दांडा डिकीतल्या सामानाखाली असतो. पहिल्या लांबच्या प्रवासाआधी घरासमोर, सामान भरलेले असताना, ती एकदा उतरवून पुन्हा चढवून पाहा. आम्हाला पहिल्या खेपेला चाळीस मिनिटे लागली.